हवं की नको, हे तिला विचारा

(र. धों. कर्वे यांच्या स्मरणार्थ झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचं केंद्र उघडलं. या कामापायी कर्व्यांची प्राध्यापकी गेली. १९२७ पासून १९५३ पर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. १९३४ च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं. हा इतिहास या सभागृहातल्या बहुतेकांना ठाऊक आहे. त्यातल्या एका गोष्टीकडे मात्र आपण पुरेसं पाहिलेलं नाही. कर्वे संततिनियमनावर लिहीत होते, तसेच गुप्तरोगांवरही लिहीत होते. नको असताना राहिलेला गर्भ आणि शरीरसंबंधातून लागलेला आजार, ही दोन्ही भयं एकाच बिछान्यावर असतात, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. दोन्हींवर त्यांचं उत्तर एकच होतं: माहिती द्या, साधन द्या आणि निर्णय त्या माणसावर सोडा.

आजचा माझा विषय याच जागेवरून सुरू होतो. एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसांचं कुटुंबनियोजन, असं त्याला म्हणता येईल. माझी बहुतेक नोकरी सरकारी रुग्णालयातल्या स्त्रीरोग विभागात झाली. एआरटी सेंटरमधून, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रातून, चिठ्ठी घेऊन येणाऱ्या बायका मी तिथे पाहिल्या. त्यांच्याविषयी मला एकच गोष्ट सांगायची आहे, आणि पुढचं सगळं तिच्याच आधारासाठी आहे. ‘मूल नको’ म्हणायचा हक्क आणि ‘मूल हवं’ म्हणायचा हक्क हा एकच हक्क आहे. ज्या बाईला आपण आई होऊ देत नाही, तिला आपण गर्भनिरोधन देतो असं म्हणता येत नाही. तिथे आपण फक्त तिला अडवत असतो.

आपल्या देशानं राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू केला, जगात सर्वांत आधी. लाल त्रिकोण गावोगावच्या भिंतींवर आला, १९६८ मध्ये निरोध आला. १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातला पहिला एचआयव्ही संसर्ग उघडकीस आणला. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, स्थापन झाली. तेव्हापासून एका शरीराचे दोन कार्यक्रम झाले. कुटुंबनियोजनाचं रजिस्टर वेगळं, एचआयव्हीचं वेगळं. निधी वेगळा, वरिष्ठ वेगळे, प्रशिक्षण वेगळं. तोच निरोध एका खोलीत पाळणा लांबवण्यासाठी मिळतो आणि दुसऱ्या खोलीत संसर्ग थांबवण्यासाठी. पहिल्या खोलीत आजाराबद्दल विचारत नाहीत आणि दुसऱ्या खोलीत मुलाबद्दल.

या विभागणीची किंमत किती, याचा एक पुरावा आफ्रिकेतून आला. इस्वातिनी, केनिया, दक्षिण आफ्रिका आणि झांबिया या चार देशांत ७,८२९ स्त्रियांवर एक मोठा अभ्यास झाला. तीन महिन्यांनी घ्यायचं गर्भनिरोधक इंजेक्शन एचआयव्हीचा धोका वाढवतं का, असा प्रश्न होता. २०१९ मध्ये उत्तर आलं: इंजेक्शन, तांबी आणि दंडात बसवायचं इम्प्लांट यांत धोक्याचा मोठा फरक आढळला नाही. साधनांबद्दलची शंका बरीच फिटली. पण त्याच अभ्यासात ३९७ स्त्रियांना एचआयव्हीची लागण झालेली दिसली. या स्त्रिया कुटुंबनियोजनाच्या साधनासाठी दवाखान्यात आल्या होत्या, अभ्यासात त्यांना निरोध आणि समुपदेशन मिळत होतं, आणि तरीही दर वर्षी शंभरात जवळजवळ चौघींना लागण होत होती. पाळणा लांबवायला आलेल्या बाईला एचआयव्हीपासूनही वाचवायचं असतं, हे यापेक्षा स्पष्ट कसं सांगणार?

आता एचआयव्ही असलेल्या बाईकडे येऊ. सुरुवातीच्या काळात आरोग्यव्यवस्थेनं तिच्यासाठी एकच उत्तर ठरवून ठेवलं होतं: हिला मूल होता कामा नये. नामिबियात तीन स्त्रिया कोर्टात गेल्या. त्यांची नसबंदी बाळंतपणाच्या वेळीच उरकण्यात आली होती. संमतिपत्रावर सह्या होत्या, पण त्या कळा सुरू असताना घेतलेल्या. २०१२ मध्ये उच्च न्यायालयानं आणि २०१४ मध्ये नामिबियाच्या सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की प्रसववेदना होत असलेल्या बाईची अशी सही ही संमती नव्हे. चिलीमध्ये २००२ साली एका तरुण स्त्रीची सिझेरियनच्या वेळी न विचारता नसबंदी झाली. वीस वर्षांनी, २०२२ मध्ये, त्या देशाच्या राष्ट्राध्यक्षांनी शासनाच्या वतीनं तिची जाहीर माफी मागितली. दक्षिण आफ्रिकेतही अशा तक्रारींची चौकशी झाली.

हे दूरच्या देशांचं आहे असं समजू नका. आपल्याकडे नसबंदी हेच कुटुंबनियोजनाचं मुख्य साधन आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे २०१९–२१ मध्ये, विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली होती. पुरुष नसबंदीचं प्रमाण ०.३ टक्के होतं. निरोध ९.५ टक्के जोडपी वापरत होती. जिथे ‘ऑपरेशन’ हीच पहिली सूचना असते, तिथे पॉझिटिव्ह बाईला ती सूचना जास्त जोरानं केली जाते. ‘आता तुला कशाला मूल?’ हे वाक्य मी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं आहे, परिचारिकांच्या तोंडून ऐकलं आहे, आणि बाईच्या सख्ख्या आईच्या तोंडूनही ऐकलं आहे.

वैद्यकशास्त्र मात्र दरम्यान खूप पुढे गेलं. ते किती पुढे गेलं, हे आपल्या लोकांपर्यंत पोचलेलं नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

उपचार नसतील तर आईकडून बाळाला एचआयव्ही जाण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. १९९४ मध्ये अमेरिका आणि फ्रान्समधल्या अभ्यासात एकट्या झिडोव्हुडिन या औषधानं हे प्रमाण २५.५ वरून ८.३ टक्क्यांवर आलं. भारतात आईकडून बाळाला होणारा संसर्ग रोखण्याचा कार्यक्रम २००२ मध्ये नेव्हिरापिन या औषधाच्या एका मात्रेवर सुरू झाला. २००४ मध्ये निवडक केंद्रांवर एआरटी मोफत मिळू लागली, त्यात महाराष्ट्र होता. २०१४ पासून प्रत्येक पॉझिटिव्ह गरोदर बाईला तीन औषधांचा आजन्म उपचार मिळू लागला. फ्रान्समधल्या एका अभ्यासात, दिवस जाण्याआधीपासून गोळ्या चालू असलेल्या आणि बाळंतपणाच्या वेळी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, ५० च्या खाली असलेल्या आयांची २,६५१ मुलं होती. त्यांतल्या एकालाही आईकडून संसर्ग झाला नाही. ही मुलं वरच्या दुधावर होती, हे लक्षात ठेवावं लागेल. आपल्याकडे अंगावरचं दूध चालू असतं. पण अर्थ साफ आहे. दिवस जाण्याआधीच आईच्या रक्तातला विषाणू दबलेला असणं, ही बाळाची सर्वांत मोठी ढाल आहे.

जोडीदाराचंही तसंच. २०११ मध्ये ज्या अभ्यासानं जगाला सांगितलं, की लवकर उपचार सुरू केल्यास जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी कमी होतो, त्यातल्या १,७६३ जोडप्यांमध्ये पुण्याची आणि चेन्नईची जोडपी होती. पुढे युरोपातल्या अभ्यासात, एक जोडीदार पॉझिटिव्ह आणि त्याचा व्हायरल लोड दबलेला, अशा जोडप्यांमध्ये निरोधाशिवाय सुमारे ५८ हजार वेळा संबंध आले. जोडीदाराकडून झालेला एकही संसर्ग सापडला नाही. ज्याच्या रक्तात विषाणू सापडत नाही, तो शरीरसंबंधातून जोडीदाराला विषाणू देत नाही. ही गोष्ट आता सिद्ध झालेली आहे आणि प्रत्येक पॉझिटिव्ह माणसाला ती स्पष्ट शब्दांत सांगायला हवी.

आता या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहा. बाळ निरोगी जन्मावं यासाठी दिवस योग्य वेळी जायला हवेत, व्हायरल लोड दबलेला असताना. ती वेळ येईपर्यंत दिवस लांबवायला हवेत. म्हणजे पॉझिटिव्ह बाईसाठी गर्भनिरोधन हा निरोगी मातृत्वाचा पहिला टप्पा आहे. मूल नको असलेल्या बाईला तांबीची आणि इंजेक्शनची माहिती जितकी लागते, तितकीच हवं असलेल्या बाईलाही लागते.

एआरटी सेंटरबाहेर एकदा एका बाईनं पिशवीतून गोळ्यांची बाटली काढून मला दाखवली. लेबल नखानं खरवडून काढलेलं होतं आणि आत कापूस कोंबलेला होता. ‘एसटीत वाजू नये म्हणून,’ ती म्हणाली. घरात नवऱ्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. लग्नाला चार वर्षं झाली होती. सेंटरमध्ये तिला दर महिन्याला निरोधाची पाकिटं मिळायची, आणि घरी सासू दर महिन्याला विचारायची, ‘अजून काही नाही का गं?’ ती मला म्हणाली, ‘मॅडम, निरोध वापरला तर घरचे बोलतात, नाही वापरला तर तुम्ही लोक बोलता. आम्ही दोघांनी करायचं तरी काय?’

तिच्या प्रश्नाला उत्तर होतं. तिची गोळ्यांची शिस्त पक्की होती. व्हायरल लोड तपासायचा, तो दबलेला असेल तर दोन पाळ्यांच्या मधल्या सुपीक दिवसांत निरोधाशिवाय संबंध ठेवायचा, बाकी दिवस निरोध. दिवस गेले की नोंदणी करायची, गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत, बाळंतपण रुग्णालयात करायचं, बाळाला जन्मल्यापासून औषध आणि ठरलेल्या वेळी तपासण्या. हे सांगायला अर्धा तास पुरतो. पण तो अर्धा तास तिला चार वर्षांत कोणी दिला नव्हता, कारण तिनं मूल हवं असल्याचं कोणाला सांगितलंच नव्हतं. ते सांगितलं तर रागावतील, ही भीती तिला तिथल्याच माणसांची होती.

ज्यांना मूल नको, त्यांचीही हीच तऱ्हा आहे. त्यांच्या हातात निरोध देऊन आपण सुटतो. निरोध संसर्गापासून वाचवतो. पण घरोघरी जसा वापरला जातो त्या हिशोबानं, केवळ निरोधावर विसंबलेल्या शंभर स्त्रियांपैकी वर्षाला सुमारे तेरा जणींना दिवस जातात. तांबी असलेल्या शंभरातल्या एकीलाही जात नाहीत. म्हणून संसर्गासाठी निरोध आणि गर्भासाठी दुसरं साधन, असं दुहेरी संरक्षण हवं. पॉझिटिव्ह बाईला तांबी बसवू नये, अशी समजूत कित्येक ठिकाणी अजून आहे. ती चुकीची आहे. तब्येत बरी असलेल्या, उपचार चालू असलेल्या बाईला तांबी सुरक्षित आहे. आजार फार बळावलेला असेल तर थोडं थांबावं, इतकंच.

गोळ्यांचा मात्र हिशोब करावा लागतो. एफाव्हिरेन्झ हे औषध आपल्याकडे कित्येक वर्षं पहिल्या फळीतल्या उपचारात होतं. ते गर्भनिरोधक संप्रेरकं शरीरातून लवकर बाहेर काढतं. कंपालात २० स्त्रियांचा एक अभ्यास झाला. त्या एफाव्हिरेन्झ घेत होत्या आणि दंडात इम्प्लांट होतं. वर्ष संपायच्या आत तिघींना दिवस गेले. त्यांनी एकही चूक केलेली नव्हती. दोन विभाग एकमेकांशी बोलले नाहीत तर काय होतं, ते यात दिसतं. क्षयरोगावरच्या रिफाम्पिसिननंही गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होतो, आणि एचआयव्ही असलेल्यांत क्षय किती आढळतो हे आपण जाणतो. आता डोल्युटेग्राव्हिर आलं आहे. त्याचा संप्रेरकांच्या साधनांशी असा झगडा नाही. अंतरा हे तीन महिन्यांचं इंजेक्शन एफाव्हिरेन्झसोबतही चालतं. ही माहिती एआरटीच्या डॉक्टरांना हवी, स्त्रीरोगतज्ज्ञांना हवी, आशाताईंना हवी. आणि ऑपरेशन झालं म्हणून निरोध सोडायचा नाही, कारण नसबंदीनं संसर्ग थांबत नाही, हे प्रत्येक जोडप्याला सांगायला हवं.

डोल्युटेग्राव्हिरचं नाव निघालं म्हणून एक अलीकडची गोष्ट सांगते. २०१८ च्या मे महिन्यात बोट्स्वानातून धोक्याची सूचना आली. दिवस जातानाच हे औषध चालू असलेल्या ४२६ आयांच्या बाळांपैकी चौघांत मज्जारज्जूचा जन्मदोष आढळला होता. लगेच अनेक देशांनी ठरवलं, की मूल होऊ शकेल अशा वयाच्या बायकांना हे औषध देऊ नये, किंवा खात्रीचं गर्भनिरोधन चालू असेल तरच द्यावं. औषध जास्त चांगलं होतं, पण त्यासाठी बाईनं गर्भनिरोधनाची अट मान्य करायची. जुलै २०१८ मध्ये एचआयव्हीसह जगणाऱ्या आफ्रिकेतल्या स्त्रिया रवांडात किगाली इथे जमल्या आणि त्यांनी जाहीर सांगितलं: धोका किती ते आम्हाला सांगा, पण निवड आम्ही करू. वर्षभरात अभ्यासातल्या मातांची संख्या वाढली आणि धोका ०.३ टक्क्यांपर्यंत उतरला. पुढे तो इतर औषधांइतकाच असल्याचं दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये ते औषध स्त्रियांसकट सर्वांसाठी सुचवलं. आकडे पुढे वेगळे निघाले असते तरीही त्या स्त्रियांची मागणी योग्यच ठरली असती. माहिती पूर्ण द्यायची आणि निर्णय तिच्याकडे ठेवायचा, हा कर्व्यांचाच आग्रह त्यांनी किगालीत मांडला होता.

आपल्याकडे आता कायदा आहे. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ चा, सप्टेंबर २०१८ पासून लागू. पॉझिटिव्ह गरोदर बाईची तिच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय नसबंदी किंवा गर्भपात करता येणार नाही, असं तो स्पष्ट सांगतो. उलट बाजूही पाहायला हवी. २०१७ मध्येच सर्वोच्च न्यायालयापुढे पाटण्याच्या एका निराधार स्त्रीचं प्रकरण आलं. ती बलात्कारातून गरोदर होती, एचआयव्ही पॉझिटिव्ह होती आणि तिला गर्भपात हवा होता. कायद्याला तिची स्वतःची संमती पुरेशी होती. सरकारी रुग्णालयानं मात्र बापाची आणि नवऱ्याची सही मागितली. उशीर होत गेला, आणि न्यायालयापर्यंत पोचेतो गर्भपात तिच्या जिवाला धोक्याचा झाला होता. न्यायालयानं राज्य सरकारला दहा लाख रुपयांची भरपाई द्यायला लावली. एका पॉझिटिव्ह बाईची नसबंदी न विचारता होते आणि दुसरीला हवा असलेला गर्भपात मिळत नाही. दोन्हींत अन्याय तोच आहे: तिचं मत कोणी मोजलं नाही.

आणि पुरुष? एआरटी सेंटरमध्ये ते गोळ्या घेऊन जातात. मुलांचा विषय निघाला की ‘बायकोला विचारा’ म्हणतात, आणि घरी निरोध वापरायचा की नाही हे मात्र तेच ठरवतात. समुपदेशन जोडप्याचं व्हायला हवं, आणि त्यात नवऱ्याला स्वतःच्या नसबंदीबद्दलही सांगायला हवं. विधवांना तर कोणी काहीच विचारत नाही. या आजारानं महाराष्ट्रात कितीतरी तरुण बायका विधवा केल्या. त्यांच्यातल्या काहींनी पुन्हा लग्न केलं, काहींनी सोबत शोधली. त्यांना साधन मागायची चोरी, कारण ‘नवरा नाही तर तुला कशाला?’ हा प्रश्न ठरलेला. त्यांच्याही शरीराला इच्छा आहे, त्यांनाही निर्धास्त संबंधाचा हक्क आहे, हे आपण मोकळेपणानं म्हणू शकलो पाहिजे.

देशात एचआयव्हीसह जगणारी सुमारे २५ लाख माणसं आहेत आणि त्यांची सर्वाधिक संख्या महाराष्ट्रात आहे. म्हणून हा प्रश्न आपल्या दारातला आहे. काय करायला हवं, तेही अवघड नाही. प्रत्येक एआरटी सेंटरमध्ये, प्रत्येक भेटीत एक प्रश्न विचारला जावा: पुढच्या वर्षभरात मूल हवं आहे का? ‘हो’ म्हणाली, तर व्हायरल लोड, सुपीक दिवसांचा सल्ला आणि गर्भधारणेपूर्वीची तयारी तिथेच. ‘नाही’ म्हणाली, तर तांबी, अंतरा, गोळ्या, जे तिच्या औषधांशी जुळेल ते तिथेच, दुसऱ्या इमारतीत न पाठवता. ‘अजून ठरलं नाही’ म्हणाली, तर पुढच्या भेटीला पुन्हा विचारायचं, न रागावता. नसबंदीची संमती प्रसूतिगृहात कधीच घ्यायची नाही. कुटुंबनियोजनाच्या खोलीत एचआयव्हीची तपासणी तिच्या मर्जीनं आणि गुप्तता पाळून उपलब्ध हवी.

एक पिढी आत्ता उंबरठ्यावर उभी आहे. २००० च्या आसपास जी मुलं एचआयव्ही घेऊन जन्मली, त्यांतली जी वाचली ती आता पंचविशीत आहेत. लहानपणापासून ती गोळ्या खात मोठी झाली. आता ती लग्नं ठरवत आहेत, मुलांचा विचार करत आहेत. त्यांच्या आयांना आपण फार उशिरा विचारलं, कित्येकींना विचारलंच नाही. या मुलांना ते वेळेवर विचारणं आपल्या हातात आहे. इथे बसलेल्या डॉक्टरांनी उद्याच्या ओपीडीपासून विचारावं, समुपदेशकांनी विचारावं, आणि जे सरकार चालवतात त्यांनी ज्या खोलीत हा प्रश्न विचारला जाईल त्याच खोलीत उत्तराला लागणारी साधनं ठेवावीत. एवढी मागणी करून मी थांबते.